साहेबाचा नाद आणि बोरजांबची डीपी

माणूस अन्नावाचून काही दिवस काढू शकतो, पाण्यावाचून त्याहून कमी काढू शकतो, पण साहेबाच्या सहीवाचून त्याला एक दिवसही काढता येत नाही. हे सत्य आमच्या बोरजांब गावाने फार आधी ओळखलं. त्याच्या पुढचं सत्यही आम्हीच शोधून काढलं, ते असं की साहेबाची सही त्याच्या पेनात नसते, त्याच्या नादात असते. नाद धरा, सही आपोआप उतरते.

या तत्त्वावर आमच्याकडे 'साहेब-नाद अभ्यास व अंमलबजावणी समिती' कार्यरत आहे. अध्यक्ष सरपंच उकंडराव (पदसिद्ध). सचिव मी, भाऊराव (अक्षर बरं असल्यामुळे). सदस्य गुलाम रसूल, व्यवसाय शिलाई. विरोधी सदस्य इंद्रभान, व्यवसाय विरोध. समितीला मानधन नाही, कार्यालय नाही, आणि गुलाम रसूलच्या दुकानापुढच्या बाकाखेरीज मालमत्ता नाही. तरीही तिचं काम पाहून मोठमोठ्या खात्यांनी माना खाली घालाव्यात.

नमुन्यादाखल दोन प्रकरणं सांगतो. गुरांच्या डॉक्टरसाहेबांना जुन्या हिंदी गाण्यांचा नाद होता. गुलाम रसूलने मशीन चालवता चालवता गाणी पाठ केली, साहेब दुकानात तास तास बसू लागले, आणि गावातल्या एकूण एक जनावराला लस टोचली गेली. (दोन बकऱ्यांना दोनदा. साहेबांनी त्या गाण्याला 'वन्स मोअर' दिला होता.) पुढे एक गटविकास अधिकारी होमिओपॅथीचे भक्त निघाले. आठवडाभरात निम्मं गाव आजारी पडलं, साहेबांच्या हातच्या साबुदाण्याएवढ्या गोळ्या खाऊन ठणठणीत झालं, आणि रोहिणखेडच्या फाट्यापर्यंत डांबर पडलं. अपयश एकच. मधे एक तलाठी आला, त्याला कशाचाच नाद नव्हता. तो काळ गावाच्या इतिहासात अंधारयुग म्हणून ओळखला जातो.

समितीच्या कार्यपद्धतीतलं सर्वात महत्त्वाचं कलम मात्र नादाचं नाही, मागण्याचं आहे. आपल्याकडे पाहुण्याला 'आणखी एक पोळी घ्या' म्हटलं तर तो पहिल्यांदा 'नको' म्हणतो, दुसऱ्यांदा 'नको बाप्पा, लय झालं' म्हणतो, आणि तिसऱ्यांदा ताट पुढे करतो. पहिल्याच विचारण्याला ताट पुढे करणाऱ्याला आमच्याकडे हावरट म्हणतात. साहेबाकडूनही काम असंच घ्यायचं असतं. आपण तोंड उघडायचं नाही, साहेबालाच विचारू द्यायचं. साहेब म्हणाले 'काही अडचण?' तर पहिल्यांदा म्हणायचं, 'तुमच्या कृपेनं सारं बरं हाये.' दुसऱ्यांदा म्हणायचं, 'हाये थोडंसं, पन चालून जाते.' तिसऱ्यांदा साहेबांनी गळ घातली की मग नाइलाजाने, मान खाली घालून, मूळ काम सांगायचं. हे तिहेरी कलम आजवर एकदाही चुकलं नव्हतं.

आता त्या सालाकडे वळू.

त्या साली पोळ्यानंतर पावसाने तोंड फिरवलं. बीटी कपाशी येऊन तेव्हा सात-आठ वर्षं झाली असतील. बीटीबद्दल मला नितांत आदर आहे. तिला बोंडअळी लागत नाही, असं पाकिटावर छापलेलं असायचं आणि आमच्याकडे तेव्हा ते खरंही होतं. तिला तहान लागते, हे पाकिटावर छापलेलं नव्हतं. पऱ्हाट्या छातीएवढ्या वाढलेल्या, पात्यांनी (म्हणजे कळ्यांनी) आणि फुलांनी लगडलेल्या, आणि खाली जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा. विहिरींत पाणी होतं. त्याचं एक ओलित मिळालं असतं, फक्त एक, तर बोंड भरलं असतं. आणि ऐन नवरात्रात डीपी जळाली.

(कागदावर तिला रोहित्र म्हणतात, इंग्रजीत ट्रान्सफॉर्मर. गावात डीपी म्हणतात. जळाल्यावर जे म्हणतात ते इथे लिहिता येत नाही.) या डीपीवर मंजूर मोटरा दहा. प्रत्यक्षात किती चालायच्या, हा विषय या लेखाच्या कक्षेत येत नाही.

त्या डीपीवर आमचंही वावर होतं. सातबाऱ्यावर नाव माझं, पण पेरणीपासून वेचणीपर्यंत राबते माझी बायको सत्यभामाबाई, म्हणून सारं गाव त्याला सत्यभामाबाईचं वावर म्हणतं (नाल्यापलीकडे, बिब्याच्या झाडाच्या अंगाला). मला समितीच्या कामातून वावराकडे पाहायला सवड होत नाही. हे तिलाही माहीत आहे, कारण ती मला ते रोज सांगते.

डीपी जळाली त्या दिवशी ती विहिरीवरून तशीच आली आणि म्हणाली, "अवो, तालुक्याले जा. साहेबाले म्हना, डीपी जळली, दुसरी द्या. संपलं."

मी तिला समजावलं की असं सरळ जाऊन मागितलं तर साहेबाचा अपमान होतो, त्याला आपल्याला काही देण्याचा आनंदच उरत नाही. ती म्हणाली, "आनंद त्याले भेटो का न भेटो, मले पानी भेटलं पायजे." माझ्या बायकोला कार्यपद्धती समजत नाही, यात तिचा दोष नाही. ती समितीवर नाही.

खबर आणली दयारामने. दयाराम वीज खात्यात वायरमन आहे आणि गावचा जावई आहे, त्यामुळे त्याच्या निष्ठेबद्दल शंका नको. तो बाकावर बसला, चहा घेतला आणि म्हणाला, "उपअभियंता साहेब नवीन हायेत. बिवलकर नाव हाये. पुन्याचे. तालुक्याच्या स्टोअरात एकच डीपी उरली हाये, आन् जळाल्या दोन. एक तुमची, एक पलीकडच्या गावाची. साहेब एकाच दिवशी दोन्ही गावं पाहून ठरवनार हायेत, कोनाले द्यायची ते."

(पलीकडच्या गावाचं नाव घेण्यास समितीची मनाई आहे.)

"नाद?" उकंडरावांनी मुद्द्याला हात घातला.

"बास्केटबॉल."

भजन असतं तर टाळ होते. कुस्ती असती तर तांबडी माती होती. बास्केटबॉल म्हणजे काय हे ठाऊक असलेला इसम गावात नव्हता. इंद्रभानने या नादाला तत्काळ विरोध नोंदवला.

दयाराम म्हणाला, "टेबलावर वजनाच्या जागी चेंडू ठेवते साहेब. आन् भिंतीवर गनपतीच्या बाजूले एका लांबच लांब मानसाचा फोटो. त्याच्या हातात कागद, कागदावर लिवलेलं शंभर."

"शंभर काय?" उकंडराव म्हणाले. "क्विंटल?"

समितीने गुलाम रसूलचा भाचा आसिम यास पाचारण केलं. आसिमचं रोहिणखेडला सायबर कॅफे आहे. पावसाळ्यात तो विम्याचे फॉर्म भरून देतो, उन्हाळ्यात निकाल काढून देतो, आणि मधल्या काळात पोरं तिथे काय पाहतात हे तो सांगत नाही. त्याने दोन दिवसांत अमेरिकेतल्या बास्केटबॉलपटूंची माहिती छापून गठ्ठाच आणून टाकला आणि बाकावर बसून आम्हाला मराठीत समजावू लागला.

फोटोतल्या लांब माणसाचं नाव विल्ट चेंबरलेन निघालं. एकोणीसशे बासष्ट साली त्याने एकट्याने एका सामन्यात शंभर गुण केले. तसे आजवर दुसऱ्या कोणाला त्या व्यावसायिक संघटनेत करता आलेले नाहीत. त्या साऱ्या हंगामात त्याची सरासरी सामन्यामागे पन्नासाच्या वर होती.

"सरासरी म्हंजे एकरी उतारा," उकंडराव म्हणाले. "सामन्याले पन्नासचा उतारा! कोरडवाहू का ओलिताचा?"

आसिमने कागद उलटेपालटे करून पाहिले आणि सामने छपराखाली होत, असं सांगितलं.

"मंग ओलिताचाच म्हना," उकंडराव म्हणाले, आणि सगळ्यांनी मान डोलावली.

विशेष म्हणजे त्या शंभर गुणांच्या सामन्याचं चित्रीकरण कुठेच सापडत नाही. जगाला आठवतो तो फोटो, एका कागदावर हाताने लिहिलेले शंभर. हे ऐकून मला त्या देशाविषयी एकदम आपुलकी वाटली. आमच्या गावच्या माती बांधाचाही असाच फोटो पंचायतीत लावलेला आहे. त्यात फलक स्पष्ट दिसतो. बांध कोणी पाहिलेला नाही.

याच चेंबरलेनला कारकिर्दीतल्या हजारावर सामन्यांत, ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त चुका केल्या म्हणून एकदाही मैदानाबाहेर बसवलं गेलं नाही. उकंडरावांनी हे दोनदा वाचून घेतलं. "हजाराच्या वर सामने, आन् एकबी अविश्वास ठराव पास नाई!" ते गहिवरून म्हणाले. त्यानंतर चेंबरलेन अध्यक्षांकडे राहील असं सर्वानुमते ठरलं.

गुलाम रसूलने करीम अब्दुल-जब्बार घेतला. त्या काळापर्यंत कारकिर्दीत सर्वाधिक गुण त्याचेच होते, अडतीस हजारांच्या वर. पण गुलाम रसूलला भावलं ते दुसरंच. दुरून टाकलेल्या चेंडूला तीन गुण मिळतात, आणि या इतक्या मोठ्या खेळाडूने मोसमी सामन्यांत तसा चेंडू आयुष्यात एकदाच बसवला. "एक बार दूर से मारला, समजलं का आपलं काम नाई, सोडून देल्ला," गुलाम रसूल सुई कानामागे खोचत म्हणाला. "इसको बोलते सबर."

इंद्रभान कोणालाच घ्यायला तयार नव्हता. मग आसिमने मानुते बोलची माहिती वाचली. उंची सात फूट सात इंच. साऱ्या कारकिर्दीत त्याने स्वतः जेवढे गुण केले त्यापेक्षा दुसऱ्यांचे अडवलेले चेंडू जास्त. इंद्रभान ताठ झाला. "म्हंजे सोता काई नाई करायचं, दुसऱ्याचं हानून पाडायचं, आन् त्याचा बी इक्रम धरतेत?" आसिम म्हणाला, धरतात. "लय पुढारलेला देश हाये बे," इंद्रभान म्हणाला. त्या दिवसापासून समितीतला त्याचा विरोध थांबला.

शेतकऱ्यांना मानुते बोल कळायला वेळ लागला नाही. खत जास्त झालेली पऱ्हाटी अशीच डोक्यावर जाते. काडी वाढते, बोंड धरत नाही.

सर्वांत शेवटी आला मग्सी बोग्स. उंची पाच फूट तीन इंच, त्या संघटनेतला आजवरचा सर्वांत बुटका खेळाडू, आणि तरी चौदा हंगाम टिकला. त्याला कोणी वाली मिळेना. सत्यभामाबाई मला जेवायला बोलवायला म्हणून आली होती आणि उंबऱ्याशी उभी राहून ऐकत होती. तिने विचारलं, "एवढुसा मानूस, तो करे तरी काय त्याइच्यात?"

आसिम म्हणाला, "मामी, तो सीधा समोरच्यापाशी जायचा आन् त्याच्या हातातला चेंडू काढून आनायचा."

"मंग तुमी तसं करा ना!" ती माझ्याकडे पाहून म्हणाली.

मी ही सूचना इतिवृत्तात घेतली नाही.

पुढचे काही दिवस बोरजांबमध्ये जी शैक्षणिक क्रांती झाली तिला तोड नाही. गुराख्यांनी जर्सीचे नंबर पाठ केले. गिरणीवर दळणाच्या रांगेत लोक एकमेकांना अडवून गुण विचारू लागले, आणि चुकणाऱ्याचं दळण मागे जाऊ लागलं. एका घरात सासू-सुनेचं भांडण एकदम थांबलं, कारण सुनेने मधेच विचारलं की सलग सर्वांत जास्त सामने खेळला कोण, आणि सासूला ए. सी. ग्रीन हे उत्तर येत होतं. क्रीडासाक्षरतेचं प्रमाण शून्यावरून एक्याऐंशी टक्क्यांवर गेलं. (उरलेल्या एकोणीस टक्क्यांना कानाने कमी ऐकू येतं.) शेगावला दर्शनाला गेलेल्या दोघांनी तर महाराजांपुढे हात जोडून 'साहेबांचा आवडता संघ जिंकू दे' असं मागितलं. डीपी मागायची त्यांना आठवण राहिली नाही, कारण दोघेही उत्तरांची उजळणी करत होते.

इकडे ऊन तापतच होतं. एका दुपारी समितीची सभा चालू असताना सत्यभामाबाई वावरातून आली. तिने लुगड्याचा ओचा सोडला आणि बाकावर, आसिमच्या कागदांवर, गळलेल्या पात्या आणि चिमणीच्या डोक्याएवढी वाळकी बोंडं ओतली.

"हे मोजा," ती म्हणाली. "त्या लंब्याचे शंभर मोजून राह्यले ना? हे बी मोजा. बिब्याखालच्या निम्म्या तासांचं, निम्म्या ओळींचं हाये. नाल्यापलीकडं येऊन पाहा एकदा डोळ्यानं. रोज एक तास वाळून राह्यला, आन् तुमी इथं कोन किती उडाला ते बोलून राह्यले!"

तिचा आवाज फाटला होता. मलाही वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण सभा गणपूर्तीसह चालू होती. उकंडरावांनी सदर पात्यांची 'नोंद घेतली' आणि पुढचा विषय पुकारला. पुढचा विषय होता टोपली.

हा खेळ सुरू झाला तेव्हा फळांची टोपली खुंटीला टांगून त्यात चेंडू टाकत, असं आसिमच्या कागदात होतं. टोपलीला बूड होतं. दर वेळी चेंडू आत पडला की कोणीतरी शिडीवर चढून तो काढायचा. बूड काढून टाकावं हे पूर्णपणे अंमलात यायला काही वर्षं गेली. हे ऐकून बाकावरच्या लोकांना हसू आलं नाही. खात्याचं काम पाहिलेल्या माणसाला यात हसण्यासारखं काही दिसत नाही. साहेबांचं स्वागत याच मूळ पद्धतीने करायचं ठरलं, आणि त्यासाठी सत्यभामाबाईचं कापूस वेचायचं टोपलं ताब्यात घेण्यात आलं. ती म्हणाली, "न्या. तसंबी त्यात टाकायले काई राह्यनार नाई."

साहेब आले. सव्वासहा फुटी, सज्जन, हसरा माणूस. जीपमधून उतरताना त्यांच्या चेहऱ्यावर नव्या साहेबाच्या चेहऱ्यावर असते ती धास्ती होती, की आता लोक घेरणार, ओरडणार. त्याऐवजी त्यांना शाळेच्या पटांगणात खांबावर टांगलेलं टोपलं दिसलं आणि शेजारी शिडी धरून उभा असलेला इंद्रभान.

"हे... हे काय आहे?"

"मूळ पद्धत, साहेब," मी म्हणालो. "बुडासकट."

साहेबांचे डोळे पाणावले. मी अतिशयोक्ती करत नाही, त्यांनी रुमाल काढला. मग त्यांनी चेंडू मागितला, पहिल्याच फटक्यात टोपल्यात टाकला, आणि इंद्रभान, ज्याने हयातीत एकाही साहेबाला नमस्कार केला नव्हता, तो शिडीवर चढून चेंडू काढून द्यायला लागला. असं बराच वेळ चाललं. अडवण्याची संधी असून इंद्रभानने एकही चेंडू अडवला नाही, याची मी मुद्दाम नोंद करतो.

नंतर मंडपात प्रश्नोत्तरं झाली. साहेब विचारत गेले, गाव सांगत गेलं. पाटावर बसलेल्या एका म्हाताऱ्याने जॉर्डनला शाळेच्या मुख्य संघात पहिल्या खेपेला घेतलं नव्हतं हे सांगितलं, आणि वर "न घेनाऱ्या मास्तरची पुढं बदली झाली का?" असं विचारलंही. साहेब हसून हसून खुर्चीवरून घसरले. उकंडरावांनी चेंबरलेनवर भाषण केलं. गुलाम रसूलने सबर या विषयावर चार शब्द सांगितले. मग रोडगे, वांग्याची भाजी आणि तूप. सत्यभामाबाई मागच्या अंगणात गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर रोडगे भाजत होती. तिला तिथे ठेवण्यात समितीचा धोरणात्मक विचार होता.

हात धुऊन झाल्यावर साहेबांनी रुमालाने तोंड पुसलं आणि तो क्षण आला, ज्यासाठी एवढा सारा अभ्यास झाला होता.

"बाकी, गावात काही अडचण वगैरे?" साहेबांनी विचारलं.

सर्वांनी उकंडरावांकडे पाहिलं. उकंडराव हात जोडून, मंद हसून म्हणाले, "तुमच्या कृपेनं सारं बरं हाये, साहेब."

"छान!" साहेब म्हणाले. आणि जीपमध्ये जाऊन बसले.

वाचकहो, आम्ही थांबलो. 'हाये थोडंसं' हे उकंडरावांच्या ओठांवर आलेलं मला दिसत होतं. दुसऱ्यांदा विचारण्याची आम्ही वाट पाहत होतो. आजवरचे साहेब अकोल्याचे होते, वाशिमचे होते, अमरावतीचे होते. त्यांनी तीनदा विचारलं होतं, कारण त्यांच्या आयांनीही त्यांना तीनदा वाढलं होतं. पुण्याचा माणूस एकदाच विचारतो, ही बाब समितीच्या अभ्यासातून निसटली. चेंबरलेनच्या साऱ्या चुका आम्हाला पाठ होत्या, आणि साहेब कुठले आहेत हे दयारामने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

जीप सुरू झाली तशी सत्यभामाबाई पदराला राख लागलेली, हातात चिमटा घेऊन अंगणातून पळत आली. "साहेब! अवो साहेब, डीपी! आमची डीपी जळली!" जीपने वळण घेतलं होतं. धुरळ्यात ती थोडं अंतर पळाली आणि मग थांबली.

परत आली तेव्हा ती रडत होती. मी तिला म्हणालो, आता मोटरसायकलने जीपमागे गेलो तर एवढी चांगली पडलेली छाप बिघडेल. तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं तिचं वर्णन कार्यक्रमपत्रिकेत नव्हतं.

पलीकडच्या गावात काय झालं ते दयारामने सांगितलं. तिथे मंडप नव्हता, खुर्ची नव्हती. बायांनी जीपच्या पुढे घागरी मांडल्या आणि मागे बैलगाडी आडवी लावली. साहेबांना उन्हात उभं केलं, पाण्याचा घोटही विचारला नाही, आणि एका म्हातारीने त्यांच्या सव्वासहा फुटांच्या उंचीवरून असं काही म्हटलं की दयारामला ते सांगताना लाज वाटत होती. त्या गावातला एकही माणूस बास्केटबॉल म्हणजे काय हे सांगू शकला नसता. असं अडाणी गाव. दुसऱ्या दिवशी त्यांची डीपी बसली.

आम्हालाही रिकाम्या हाती ठेवलं गेलं नाही. साहेबांनी अहवालात लिहिलं: 'ग्रामस्थ समाधानी, आनंदी व क्रीडासाक्षर. तातडीची निकड आढळली नाही.' वर खास बाब म्हणून गावाला दोन लोखंडी खांब पाठवले, बास्केटबॉलचे. पावती द्यायला उकंडराव फेटा बांधून गेले होते. हे खांब आजही पटांगणात समोरासमोर उभे आहेत. त्यांच्यावर तार नाही.

सत्यभामाबाई मग एकटी तालुक्याला गेली. कोणाला न विचारता, पहिल्या एसटीने. ती साहेबांच्या टेबलापुढे उभी राहिली आणि म्हणाली, डीपी जळली, दुसरी द्या. साहेब फार सज्जन माणूस. ते उठून उभे राहिले, कळवळले, म्हणाले, "अहो, पण मी विचारलं होतं ना!" शिल्लक डीपी गेलेली होती. त्यांनी तिच्यादेखत वर फोन केला, आणि तिचं नाव पहिलं लावून घेतलं. दुसरी डीपी आली. ती आली तेव्हा उलंगवाडी, म्हणजे शेवटची वेचणी, झाली होती, लोकांनी पऱ्हाट्या उपटून त्यांच्या काड्यांच्या गंज्या लावल्या होत्या, आणि मोटर सुरू झाली तेव्हा पाणी द्यायला उभं असं काही नव्हतं. आमच्या वावरातला साऱ्या हंगामाचा कापूस शेवटी त्या टोपल्यात मावला. ते खांबावरून काढायला ती स्वतः शिडीवर चढली. इंद्रभानने शिडी धरली.

बिवलकर साहेबांची पुढे बदली झाली. नव्या साहेबांना पक्षी पाहण्याचा नाद आहे, अशी दयारामची पक्की खबर आहे. आसिम गठ्ठा घेऊन येतोय. सत्यभामाबाई आता माझ्याशी मोजकंच बोलते. काल म्हणाली की या खेपेला डीपी जळाली तर ती समितीला कळवणार नाही.

समितीचं काम मात्र थांबत नाही. कोणताही अभ्यास चाचणीशिवाय पुरा होत नाही, म्हणून जाता जाता वाचकांची एक छोटी चाचणी घेतो. कागद-पेनाची गरज नाही, मनातल्या मनात उत्तर द्यायचं.

एका सामन्यात शंभर गुण कोणी केले? बरोबर. केलेल्या गुणांपेक्षा अडवलेले चेंडू कोणाचे जास्त? वा! सर्वांत बुटक्या खेळाडूची उंची किती? शाबास, इंचासकट आलं. बोरजांबच्या क्रीडासाक्षरांत तुमचं नाव आनंदाने घालतो.

आता शेवटचा. सत्यभामाबाईचं वावर कुठे आहे, आणि तिथे कोणतं झाड आहे? सोपा आहे, एकदा मी सांगितलं, एकदा तिने.

नाही, वर जाऊन पाहू नका. साहेबही गेले नव्हते.